हवेत थांबायची विद्या

निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर फक्कीने मोठं वर्तुळ आखलेलं दिसतं आणि त्यात एच हे अक्षर. शेजारी अग्निशमन दलाचा बंब उभा असतो, टँकरने पाणी मारलेलं असतं, दोरीपलीकडे सकाळपासून ताटकळलेली माणसं असतात. पाणी मारूनही धुरळा उडायचा तो उडतोच. टोप्या जातात, मंडपाची कनात फडफडते, मग दार उघडतं आणि सगळे उतरणाऱ्या पाहुण्याकडे धाव घेतात. काचेआड बसलेल्या पायलटकडे पोरंटोरं सोडली तर कुणी ढुंकून पाहत नाही. वास्तविक त्या पाच मिनिटांतलं सगळ्यात अवघड काम त्याने केलेलं असतं. खाली धुळीत जमीन दिसेनाशी होत असताना, मैदानाच्या कडेला विजेच्या तारा आणि निलगिरीची झाडं असताना, त्याने काही टनांचं यंत्र माणसाच्या उंचीवर जवळजवळ स्थिर धरलं आणि मग सावकाश टेकवलं.

विमानाला थांबता येत नाही. पंखांवरून वारा वाहत राहिला तरच ते हवेत राहतं आणि वारा वाहायचा तर ते पळत राहायला हवं. हेलिकॉप्टरने ही अट मोडून काढली. ते आपला पंख स्वतःच फिरवतं, म्हणून त्याला पळावं लागत नाही. ते चालवायला शिकणं म्हणजे मुख्यतः हवेत एका जागी थांबायला शिकणं, आणि या यंत्राच्या नावावर असलेली बहुतेक धाडसं त्या थांबण्यातूनच निघालेली आहेत.

जगभरातले हजारो पायलट ज्या यंत्रावर शिकले, ते रॉबिन्सन आर-२२. फ्रँक रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने बेल आणि ह्यूजसारख्या नावाजलेल्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या होत्या. सामान्य माणसाला परवडेल असं छोटं हेलिकॉप्टर बनवावं, ही त्याची कल्पना तिथे कुणी उचलून धरेना. शेवटी १९७३ साली त्याने कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. आर-२२ पहिल्यांदा उडालं १९७५ मध्ये आणि त्याला सरकारी मान्यता मिळाली १९७९ मध्ये. दोन खुर्च्या, पिस्टनचं इंजिन, रिकामं वजन चारशे किलोच्या आसपास. लोक ते स्वतःच्या गाडीसारखं वापरतील असं रॉबिन्सनच्या मनात होतं. प्रत्यक्षात ते घेतलं उड्डाण शिकवणाऱ्या शाळांनी आणि गुरं राखणाऱ्या ऑस्ट्रेलियन गोठेमालकांनी.

आत शिरलं की दोन हात आणि दोन पाय यांना वेगवेगळी कामं वाटून दिलेली दिसतात. उजव्या हातात गुडघ्यांच्या मधली दांडी, सायक्लिक. ती जिकडे कलवाल तिकडे डोक्यावरचं फिरतं चक्र कलतं आणि यंत्र त्या दिशेला सरकतं. डाव्या हाताला, गाडीत हँडब्रेक असतो त्या जागी, कलेक्टिव्ह. ती उचलली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उचललं जातं. पायाखाली दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीवरच्या छोट्या पंख्याचा जोर कमी-जास्त होतो आणि नाकाची दिशा सांभाळली जाते. शेपटीचा पंखा शोभेसाठी नाही. इंजिन मुख्य पंखा एका बाजूला फिरवतं, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे खालचं धड उलट बाजूला फिरू पाहतं. त्याला धरून ठेवायचं काम तो छोटा पंखा करतो.

हे ऐकायला सोपं आहे. गोम अशी की यातली कुठलीही एक गोष्ट हलवली की बाकीच्या दोन बिघडतात. अमेरिकी बनावटीच्या यंत्रात कलेक्टिव्ह जरा वर घेतली की धडाला बसणारा पीळ वाढतो आणि नाक उजवीकडे वळू लागतं. म्हणून डावं पेडल दाबायचं. ते दाबलं की शेपटीचा पंखा जास्त जोर लावतो आणि अख्खं यंत्र उजवीकडे सरकू लागतं. म्हणून सायक्लिक किंचित डावीकडे न्यायची. चक्र कललं की वर उचलणारा जोर थोडा घटतो, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. असं गोल गोल. फ्रेंच बनावटीची अनेक यंत्रं आणि त्यांच्यावरून आपल्याकडे बनवलेली चेतक, चीता यांचा पंखा उलट दिशेने फिरतो, त्यामुळे एकावर शिकलेल्या पायांना दुसऱ्यावर नवी सवय लावावी लागते.

चांगला इन्स्ट्रक्टर म्हणून सगळं एकदम हाती देत नाही. जमिनीपासून चार-पाच फुटांवर यंत्र स्वतः स्थिर धरून तो आधी फक्त पेडल सोपवतो. समोरच्या झाडावर नाक ठेव, एवढंच सांगतो. मग पेडल काढून घेतो आणि कलेक्टिव्ह देतो. शेवटी सायक्लिक. इथे बहुतेकांची भंबेरी उडते. शाळेच्या स्नेहसंमेलनातली लिंबू-चमच्याची शर्यत आठवावी: लिंबू घसरल्यावर चमचा हलवला तर उशीर झालेला असतो आणि घाबरून जोरात हलवला तर लिंबू दुसऱ्या बाजूने जातं. सायक्लिक हलवल्यावर यंत्र क्षणभर उशिरा उत्तर देतं. शिकाऊ माणसाला वाटतं काही झालंच नाही, तो आणखी हलवतो. तेवढ्यात पहिल्या हालचालीचा परिणाम येऊन ठेपतो, मग तो घाबरून उलट ओढतो. यंत्र झोके घेऊ लागतं, झोके वाढत जातात आणि इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणतो, माझ्याकडे द्या. भलंमोठं मैदान दिलेलं असतं आणि त्या मैदानाच्या आत राहणं हेच पहिल्या काही धड्यांचं ध्येय ठरतं.

उपाय विचित्र आहे. कमी हलवायचं. मनगट मांडीवर टेकवून दोन बोटांनी दांडी धरायची आणि खालच्या गवताकडे न पाहता लांब क्षितिजाकडे पाहायचं. गवताकडे पाहिलं की प्रत्येक इंच मोठा वाटतो आणि हात उगाच वळवळतो. बहुतेकांना पाच ते दहा तासांच्या सरावानंतर एके दिवशी अचानक जमतं. कसं जमलं ते सांगता येत नाही, कारण तोवर ते काम डोक्याकडून हातापायांकडे गेलेलं असतं.

ही सगळी कटकट यंत्राच्या जन्मापासूनची आहे. वर उचलणारा पंखा बनवणं फारसं अवघड नव्हतं, त्याला आवरणं अवघड होतं. हेलिकॉप्टर पुढे जाऊ लागलं की एका बाजूची पाती वाऱ्याला सामोरी जातात आणि दुसऱ्या बाजूची वाऱ्याबरोबर मागे जातात. सामोऱ्या पात्याला जास्त उचल मिळते आणि यंत्र आडवं होऊ पाहतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाने त्यावर तोडगा काढला: पाती बुडाशी घट्ट न बसवता बिजागरीवर बसवायची, म्हणजे जास्त उचल मिळालेलं पातं आपसूक वर जाईल आणि तोल राहील. १९२३ साली त्याचं ऑटोजायरो या तत्त्वावर उडालं. त्यात मोठा पंखा वाऱ्याने फिरे, इंजिनाने नव्हे. इंजिनाने फिरणाऱ्या एका मोठ्या आणि शेपटीवरच्या एका छोट्या पंख्याची, आज आपल्या डोळ्यांना सवयीची असलेली मांडणी रुळवली ती रशियातून अमेरिकेत आलेल्या इगोर सिकोर्स्की यांनी. १४ सप्टेंबर १९३९ रोजी कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्ड इथे त्यांचं व्हीएस-३०० पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं. पळून जाऊ नये म्हणून ते दोरांनी बांधलेलं होतं आणि डोक्यावर फेल्ट हॅट घालून सिकोर्स्की स्वतः चालवत होते. त्यांना तरी दुसरं कोण शिकवणार!

शिकणाऱ्याच्या घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिन बंद पडलं तर? दगडासारखं खाली येईल, असा सर्वांचा समज असतो. तसं होत नाही. इंजिन थांबताक्षणी पायलट कलेक्टिव्ह पूर्ण खाली करतो आणि पात्यांचा कोन कमी करतो. यंत्र खाली येऊ लागतं, खालून येणारी हवा पंख्यातून वर जाते आणि त्या हवेने पंखा फिरत राहतो. जमीन जवळ आली की नाक थोडं उचलून वेग मारायचा, मग फिरत्या पंख्यात साठलेली ऊर्जा वापरून शेवटच्या क्षणी कलेक्टिव्ह ओढायची आणि टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. ते पुनःपुन्हा करून घेतलं जातं, कधी न सांगता. गप्पा मारता मारता इन्स्ट्रक्टर थ्रॉटल बंद करतो आणि शिकाऊ पायलटच्या डाव्या हाताकडे बघत बसतो. आर-२२ ची पाती हलकी असल्यामुळे त्यांत साठलेली ऊर्जाही थोडी. हात खाली जायला सेकंद-दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला तर पंखा इतका मंदावतो की तो पुन्हा सावरत नाही. स्वस्त यंत्राची ही किंमत आहे. अपघात वाढल्यावर १९९५ साली अमेरिकेच्या हवाई नियामकाने रॉबिन्सनची यंत्रं चालवणाऱ्यांसाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते योग्यच झालं.

इंजिनाशिवाय किती उंचावरून उतरता येतं, याचं टोकाचं उदाहरण फ्रान्सच्या झाँ बुले यांचं. २१ जून १९७२ रोजी त्यांनी लामा जातीचं हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. प्रवासी विमानं उडतात ती ही उंची. परतायला म्हणून त्यांनी इंजिनाचा जोर कमी केला, तर त्या थंडीत आणि विरळ हवेत इंजिन विझलं ते पुन्हा पेटलंच नाही. बारा किलोमीटर उंचीवरून ते नुसत्या फिरत्या पात्यांवर खाली आले आणि सुखरूप टेकले. उंचीच्या विक्रमाला गेले आणि इतिहासातल्या सर्वांत लांब ऑटोरोटेशनचा विक्रम फुकटात मिळाला.

या लामाची आपल्याशी सोयरीक आहे. हिमालयातल्या ठाण्यांसाठी उंचावर काम करू शकेल असं हेलिकॉप्टर भारतीय सैन्याला हवं होतं, त्या गरजेतून ते घडलं. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते भारतात बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं चीता. १९८४ पासून सियाचिनवरच्या जवानांचं जगणं-मरणं या छोट्या यंत्रावर अवलंबून राहिलं आहे. वीस हजार फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ की एका फेरीत थोडंथोडकंच वजन नेता येतं. रॉकेलचा कॅन उतरवायचा, आजारी जवान चढवायचा आणि पंखा न थांबवता निघायचं. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या हवाई दलाच्या पायलटांनी चालवलेली हेलिकॉप्टरही चीताच होती.

सैन्यदलातून जाणं हा भारतात हेलिकॉप्टर शिकण्याचा जुना आणि अजूनही मोठा रस्ता आहे. हवाई दलाची हेलिकॉप्टर शाळा हैदराबादजवळ हकिमपेटला, नौदलाची तामिळनाडूत अरक्कोणमला आणि भूदलाची आपल्या नाशिकला. नाशिक रोडच्या गांधीनगर धावपट्टीजवळून जाणाऱ्यांना चेतक-चीतांची घरघर सवयीची आहे. याच कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमधून मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक बाहेर पडल्या. भूदलाच्या हवाई शाखेतल्या त्या पहिल्या महिला कॉम्बॅट पायलट.

नागरी मार्गही आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची कडक वैद्यकीय तपासणी, हवामान, दिशाशोधन, हवाई नियम, यंत्रज्ञान यांच्या लेखी परीक्षा आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान दीडशे तासांचं उड्डाण. हौसेच्या खासगी परवान्याला चाळीस तास. आकडे कागदावर लहान दिसतात, पण हेलिकॉप्टरचा एक तास छोट्या विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो, आणि परवाना हाती आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. दीडशे तासांच्या पायलटला कामावर घ्यायला कंपन्या राजी नसतात, कारण हजारो तास हिमालयात काढलेले निवृत्त फौजी पायलट त्यांना मिळतात. जाहिरातीतल्या रुबाबदार फोटोंना भुलून घर गहाण टाकण्याआधी आईबापांनी हे गणित मांडून पाहिलेलं बरं.

जे टिकतात त्यांचं रोजचं काम बाहेरच्याला साहसकथा वाटेल. मुंबईच्या जुहू विमानतळावरून सकाळी निघणारी हेलिकॉप्टर अरबी समुद्रात दीडशेहून अधिक किलोमीटर आत, मुंबई हायच्या तेलविहिरींवर जातात. पवन हंस ही सरकारी कंपनी १९८५ साली स्थापन झाली ती प्रामुख्याने याच वाहतुकीसाठी. खाली पाणी, समोर लोखंडी फलाटावर रंगवलेलं वर्तुळ, पावसाळ्यात बाजूने सुटलेला वारा. अशा विहिरींवर जाणाऱ्या कामगारांना आधी तलावात एका खोट्या केबिनमध्ये पट्ट्याने बांधून उलटं बुडवतात आणि खिडकीतून बाहेर यायला शिकवतात. पाण्यावर उतरलेलं हेलिकॉप्टर उलटतं, कारण त्याचं जड सामान सगळं वरच्या बाजूला असतं.

उत्तर ऑस्ट्रेलियात आर-२२ गुराख्याचं काम करतं. तिथली कुरणं इतकी अफाट की घोड्यावरून गुरं हाकायला आठवडे लागत. हेलिकॉप्टरवाला झाडांच्या शेंड्यांलगत मागे-पुढे, आडवा-तिडवा होत आवाजाने आणि वाऱ्याने कळप हाकत नेतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात चेरी पिकण्याच्या वेळी पाऊस पडला की बागायतदार हेलिकॉप्टर बोलावतात. पाणी साचून फळं तडकू नयेत म्हणून पायलट बागेवर अगदी खालून हळूहळू फिरतो आणि पंख्याच्या वाऱ्याने झाडं वाळवतो. अवकाळी पावसाने तडकलेल्या द्राक्षमण्यांकडे पाहत बसलेल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ही गोष्ट सांगितली तर तो आधी भाडं किती ते विचारील, आणि ते ऐकून पुढचं काही विचारणार नाही.

वेडेपणाची हद्द मात्र न्यूझीलंडने गाठली. युरोपियनांनी शिकारीच्या हौसेपोटी तिथे आणलेली लाल हरणं इतकी माजली की डोंगरउतार उघडे पडू लागले. १९६० च्या दशकात टिम वॉलिस आणि त्यांच्यासारख्या काही धाडसी व्यावसायिकांनी मारलेली हरणं दुर्गम दऱ्यांतून हेलिकॉप्टरने खाली आणायला सुरुवात केली. मांसाला परदेशात भाव होता. पुढे जिवंत हरणाला जास्त किंमत येऊ लागली, कारण हरणं पाळण्याचा धंदा उभा राहिला होता. मग पायलट पळत्या हरणाच्या डोक्यावर यंत्र आणायचा आणि जोडीदार स्किडवरून, म्हणजे यंत्राच्या खालच्या आडव्या दांडीवरून, उडी मारून त्याला मिठी घालायचा. जाळं फेकणारी बंदूक नंतर आली. या धंद्यात यंत्रंही गेली आणि माणसंही. १९६८ साली वॉलिस यांचं हेलिकॉप्टर विजेच्या तारांना धडकून पडलं, त्यांचा पाठीचा कणा मोडला आणि एक पाय अधू झाला. ते पुन्हा उडायला लागले आणि वानाका गावी जुन्या लढाऊ विमानांचा मोठा मेळा त्यांनीच सुरू केला.

माणसं वाचवण्याचं काम हेलिकॉप्टरला मिळालं ते त्याच्या अगदी बाल्यावस्थेत, आणि त्या पहिल्या कामगिरीची वाट आसामातून गेली. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजेच्या पिछाडीला एक छोटं अमेरिकी विमान पडलं. आत पायलट आणि तीन आजारी-जखमी ब्रिटिश सैनिक. विमानाला उतरायला जागा नव्हती. कार्टर हार्मन या तरुण लेफ्टनंटला आसाममधल्या लालाघाटहून सिकोर्स्कीचं वायआर-४ घेऊन पाठवलं. तेवढा पल्ला गाठण्याइतकं इंधन यंत्रात मावत नव्हतं, म्हणून तो टप्प्याटप्प्याने गेला. उष्ण दमट हवा पातळ असते, त्यामुळे यंत्राची ताकद इतकी घटली की पायलटशिवाय एकच माणूस उचलता येई. त्याने चौघांना एकेक करून बाहेर काढलं. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्यावर इंजिन तापून बसलं, उरलेले दोघे दुसऱ्या दिवशी. युद्धभूमीवरची हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका.

पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९४५ रोजी, कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात एका तेलवाहू बार्जवर दोन माणसं अडकली. सिकोर्स्कीचा कारखाना जवळच होता. सिकोर्स्कींचा भाचा जिमी व्हायनर याने वाऱ्यात यंत्र धरलं आणि सोबतच्या लष्करी अधिकाऱ्याने विंचचा दोर खाली सोडला. पहिला माणूस वर आला. दुसऱ्याच्या वेळी विंच मध्येच अडकला, तेव्हा त्याला तसाच लोंबकळत किनाऱ्यावर आणून उतरवला. समुद्रावरच्या सुटकेची ती सुरुवात होती, आणि आज मुंबईत कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा तळावरून वादळात झेपावणारे नौदलाचे पायलट मूळ तेच काम करतात. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा युद्धनौकांच्या मदतीला हेलिकॉप्टरही होती.

उंची वाढली की हेच काम वेगळ्या पातळीवर जातं. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळाने अनेकांचे बळी घेतले. हिमदंशाने हात गेलेला अमेरिकी डॉक्टर बेक वेदर्स आणि तैवानचा मकालू गाऊ हे दोघे खुंबू हिमप्रपाताच्या वर येऊन अडकले. नेपाळी लष्कराचे लेफ्टनंट कर्नल मदन खत्री छेत्री यांनी यंत्रातलं जमेल तेवढं वजन कमी केलं आणि सहा हजार मीटरच्या वर बर्फात ते आणलं. एका वेळी एकच माणूस नेता येणार होता. गाऊ चालूही शकत नव्हता, म्हणून आधी तो गेला. वेदर्सला वाटलं, आता काही हा परत येत नाही. छेत्री परत आले. नऊ वर्षांनी, १४ मे २००५ रोजी, दिदिए देलसाल या फ्रेंच चाचणी पायलटने थेट शिखरावरच स्किड टेकवले आणि तीन मिनिटं पन्नास सेकंद ते तिथे राहिले. विक्रमाच्या नियमाला दोन मिनिटं पुरेशी होती.

देलसाल यांच्या विक्रमाइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, दाद केरळच्या २०१८ च्या पुरातल्या एका उतरण्याला द्यावी लागेल. चालकुडीत एका घराच्या गच्चीवर अडकलेल्यांना एकेक करून विंचने उचलण्याइतका वेळ नव्हता. गच्चीवर हेलिकॉप्टर उतरवावं तर छत त्याचं वजन पेलणार नव्हतं. नौदलाचे लेफ्टनंट कमांडर अभिजित गरुड यांनी सी किंगची चाकं छताला नुसती लावली आणि सगळं वजन पंख्यावर पेलून धरलं. माणूस चढला की वजन बदलतं, तोल बदलतो, आणि त्या प्रत्येक वेळी हाताने त्याची भरपाई करायची. सुमारे आठ मिनिटं. सव्वीस माणसं आत आली. शिकाऊ पायलट ज्या मैदानात रडकुंडीला येतो, त्याच धड्याची ही वरची इयत्ता.

हौसेने शिकलेल्यांची जात आणखी वेगळी. ऑस्ट्रेलियाचे डिक स्मिथ हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांवर श्रीमंत झालेले गृहस्थ. ऑगस्ट १९८२ मध्ये ते टेक्सासमधून बेल जेटरेंजर घेऊन एकटे निघाले आणि टप्प्याटप्प्याने जुलै १९८३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. हेलिकॉप्टरमधून एकट्याने केलेली पहिली. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं तेव्हा हाताशी नव्हती. सोव्हिएत संघाने हद्दीतून जाऊ दिलं नाही, म्हणून उत्तर पॅसिफिकमध्ये त्यांना भर समुद्रात एक जहाज शोधून त्यावर उतरून इंधन घ्यावं लागलं. जहाज ठरल्या जागी सापडलं नसतं तर दुसरी सोय नव्हती.

ब्रिटनच्या जेनिफर मरे तर चोपन्नाव्या वर्षी शिकल्या. नवऱ्याने एका हेलिकॉप्टरमध्ये अर्धी भागीदारी घेतली, त्याला शिकायला सवड नव्हती, तेव्हा त्या बसल्या इन्स्ट्रक्टरशेजारी. तीन वर्षांत त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर आर-४४ मधून जगाला फेरी मारली. आर-४४ म्हणजे आर-२२ चं चार खुर्च्यांचं भावंड. २००० साली त्याच जातीच्या यंत्रातून त्या एकट्या गेल्या आणि ९९ दिवसांत परतल्या. हेलिकॉप्टरमधून एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी त्यांच्याआधी कुणी स्त्री नव्हती.

या धंद्यात सर्वांत जास्त माणसं इंजिनामुळे मरत असतील असं वाटतं, पण पायलटांना भीती असते ती ढगांची. बाहेरचं काही दिसेनासं झालं की कानातला तोलाचा अवयव खोटं सांगू लागतो. यंत्र वळत असताना सरळ चालल्यासारखं वाटतं, खाली जात असताना वर गेल्यासारखं. विमान स्वभावतः सरळ राहू पाहतं. हेलिकॉप्टरला प्रत्येक क्षणी हाताने सांभाळावं लागतं, म्हणून चुकीला क्षमा कमी. जानेवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं ते ढगात शिरल्यावर पायलटचं दिशाभान सुटल्यामुळे, असं चौकशीत निघालं. इंजिनं ठणठणीत होती. केदारनाथच्या अरुंद दरीत तर दर हंगामात मिनिटामिनिटाला फेऱ्या होतात आणि धुकं बघता बघता भरून येतं. ऑक्टोबर २०२२ आणि जून २०२५ मधल्या अपघातांत तिथे प्रत्येकी सात जण गेले. अशा ठिकाणी पायलटने मागे फिरायचं ठरवलं तर भाविक चिडतात, एजंट पैसे मागतात. वास्तविक परत फिरणाऱ्या पायलटला बक्षीस द्यायला हवं.

मरेबाईंनाही हाच शत्रू भेटला. डिसेंबर २००३ मध्ये त्या आणि कॉलिन बोडिल दोन्ही ध्रुवांना स्पर्श करणाऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेवर होते. अंटार्क्टिकात आभाळ आणि बर्फ एकाच पांढऱ्या रंगाचे झाले, क्षितिज नाहीसं झालं आणि त्यांचं बेल ४०७ बर्फावर आदळलं. दोघेही जखमी झाले, काही तासांनी सुटका झाली. योगायोग असा की त्याच मोसमात त्यांचे यजमान सायमन मरे साठी ओलांडल्यावर पायी दक्षिण ध्रुवाकडे निघालेले होते. घराणंच तसलं. तीन वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये, मरे आणि बोडिल टेक्सासमधल्या फोर्टवर्थहून दुसरं बेल ४०७ घेऊन पुन्हा निघाले, आधी दक्षिण ध्रुव, मग उत्तर ध्रुव. मे २००७ मध्ये ते फोर्टवर्थला परत उतरले तेव्हा मरे यांची पासष्टी उलटून गेली होती.